बाकड्यावरचे गुरुवार

भाऊसाहेबांचा विषय निघाला की आमच्या जुन्या कचेरीतली माणसं हसायला लागतात. मला हसू येत नाही. मला राग येतो, आणि इतक्या वर्षांनी तो कोणावर येतो हेही मी सांगू शकते. थोडा त्यांच्यावर, बराचसा कचेरीवर आणि उरलेला सगळा माझ्या स्वतःवर.

कचेरी पेणला होती. कुठली ते सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. त्या काळात लोकांना ताटकळत ठेवण्यात एक कचेरी दुसरीला हार जात नव्हती. आमच्याकडे जमिनींचे जुने नकाशे असत. ज्याला आपल्या शेताच्या नकाशाची नक्कल हवी असेल त्याने खिडकीवर अर्ज द्यायचा. आम्ही कपाटातून नकाशा काढायचा, वर पातळ कागद ठेवून रेघा उतरवायच्या, शिक्का मारायचा, सही घ्यायची. अर्ध्या दिवसाचं काम. त्याला आम्ही सहज चार महिने लावायचो. त्या खिडकीवर मी बसायचे. नोकरीला लागून दोनच वर्षं झाली होती, पण "उद्या या" हे शब्द मी इतक्या सराईतपणे म्हणायला शिकले होते की समोर कोण उभं आहे हे बघायचीही गरज पडत नसे.

भाऊसाहेब आमचे हेडक्लार्क. खाडीकडचे लोक कचेरीतल्या शिपायालाही भाऊसाहेब म्हणत, पण आम्ही आतले लोक ज्यांना भाऊसाहेब म्हणायचो ते हे एकटेच. राहायला रोह्याजवळ अष्टमीला. रोज सकाळच्या पॅसेंजरने यायचे, संध्याकाळी परत. उंच, वाळके, पांढरा शर्ट, खिशाला एक निळं आणि एक लाल अशी दोन पेनं, आणि खिशाच्या तळाशी धुऊन धुऊनही न गेलेला शाईचा डाग. हातात काही आलं की त्याची पोच दिल्याशिवाय या माणसाला चैन पडत नसे. एकदा शिपायाने घरची जांभळं आणली तर त्याला चिठ्ठी मिळाली, "जांभळे द्रोणभर मिळाली. पैकी दोन किडकी." खाली सही आणि तारीख. शिपायाने ती चिठ्ठी कितीतरी दिवस खिशात घालून सगळ्यांना दाखवली.

पंचावन्नावं संपलं त्या दिवशी डबा खाताना त्यांनी जाहीर केलं, "आता तीन वर्षं राहिली. तयारीला लागलं पाहिजे."

तशी तयारी आमच्याकडे सगळेच करत. एकाने गावाला घर बांधायला काढलं होतं, दुसरा मुलीच्या लग्नाच्या मागे होता, तिसऱ्याने आतापासूनच भजनी मंडळात टाळ धरला होता. मी म्हटलं, "तुमचं तर घर आहे, भाऊसाहेब, मुलं मार्गी लागलीत. तुम्हाला कसली तयारी?"

"ती सामानाची तयारी झाली, बाई. मी मनाची म्हणतोय. एका तारखेपासून आपण कोणी नसणार, हे मनाला एकदम कसं कळेल? थोडं थोडं कळवायला हवं."

पुढच्या महिन्याच्या पहिल्या गुरुवारी दीड वाजता त्यांनी अर्ध्या दिवसाच्या किरकोळ रजेचा अर्ज साहेबांच्या टेबलावर ठेवला, दोन्ही पेनं काढून ड्रॉवरमध्ये टाकली, आपली खुर्ची भिंतीकडे तोंड करून वळवली आणि निघून गेले. आम्हाला वाटलं, घरी गेले. दोन वाजता बघतो तर हे पुढच्या दाराने हजर. बाहेरून येणाऱ्यांनी भरायची चिठ्ठी शिपायाकडून मागून घेतली, तिच्यावर नाव लिहिलं. 'काय काम आहे' या रकान्यात लिहिलं, 'बसायचं आहे'. आणि व्हरांड्यात लोकांसाठी ठेवलेल्या बाकड्यावर जाऊन बसले.

शिपाई रडकुंडीला आला. "भाऊसाहेब, आत या ना. आमचं काय चुकलं काय?"

"आज मी भाऊसाहेब नाही. रिटायर माणूस आहे. काम झालं की हाक मारा."

"पन काम काय?"

"लिहिलंय त्याच्यावर."

साडेपाच वाजेपर्यंत ते तिथे बसले. पुढच्या महिन्यात पुन्हा. वर्षाला आठ किरकोळ रजा. बारा अर्ध्या म्हणजे सहा जातात, एक गणपतीला, एक आजारपणाला, असं त्यांनी आधीच बसवून ठेवलं होतं. गुरुवारच का, तर गुरुवारी साहेब दौऱ्यावर असत आणि कचेरी सैल पडे. त्या दिवशी लोकांना सगळ्यात जास्त थांबावं लागे.

ते बाकडं मी रोज बघत होते, पण भाऊसाहेब बसेपर्यंत मला ते दिसलं नव्हतं. एका पायाखाली वीट. समोर मुतारीचं दार. तीननंतर ऊन थेट तोंडावर. भाऊसाहेब पेपर उभा धरून ऊन अडवायचे आणि पेपर न वाचता त्याच्या कडेवरून आमच्याकडे बघत राहायचे. मला त्या बघण्याचा भयंकर राग यायचा. त्यांचं काम आमच्या डोक्यावर पडायचं ते वेगळंच, पण आपलाच वरिष्ठ बाहेर बसून आपली हजेरी घेतोय म्हटल्यावर चहासुद्धा घशाखाली उतरत नसे. एकदा साहेबांचा दौरा रद्द झाला आणि त्यांनी हे बघितलं. त्यांनी भाऊसाहेबांना आत बोलावलं. हे चिठ्ठी घेऊनच आत गेले.

"हा काय तमाशा लावलाय?"

"रजेवर आहे, साहेब. रजेवरच्या माणसाने लोकांच्या बाकड्यावर बसू नये असा नियम असला तर दाखवा. मी पस्तीस वर्षांत वाचला नाही."

साहेबांनाही तो सापडला नाही.

बाकड्यावर असताना आपण कोण हे सांगायचं नाही, कोणाला मदत करायची नाही, आत काय चाललंय त्यावर बोलायचं नाही, असे त्यांनी स्वतःसाठी नियम केले होते. "रिटायर माणसाचं कोणी ऐकत नाही. मग बोलायची सवय आधीच मोडलेली बरी." बोलायची सवय मोडायला निघालेला हा माणूस दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, खुर्ची सरळ करून बसला की मात्र पूर्वीसारखाच हेडक्लार्क असायचा. गुरुवारी पाहिलेल्या एकाही गोष्टीबद्दल चकार शब्द नाही. मी एकदा न राहवून विचारलं, "काल एवढं ऊन खाल्लंत, ते बाकडं तरी हलवून घ्या."

"काल बाकड्यावर बसलेल्यांपैकी कोणाची तक्रार आलेली नाही," ते म्हणाले. असं उत्तर ऐकून कोणाची तळपायाची आग मस्तकात जाणार नाही?

त्या बाकड्यावर खाडीकाठची एक म्हातारी नेहमी असायची. मिठागरात उभं आयुष्य गेलेलं, पाय कायमचे फुटलेले. तिच्या नवऱ्याच्या नावावर बांधालगत शेताचा एक तुकडा होता, शेजाऱ्याने बांध सरकवला होता, आणि नकाशाची नक्कल मिळाल्याशिवाय तिचं कोणी ऐकत नव्हतं. भाऊसाहेबांना तिने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सरकून जागा दिली आणि विचारलं, "तुमी कवापासून येता इथं?"

"पस्तीस वर्षं झाली."

म्हातारीने कपाळावर हात मारला. "आग बाय! मंग आमचं काय खरं नाय."

हे शिपायाने आम्हाला आत येऊन सांगितलं आणि आम्ही पोट धरून हसलो. आता आठवलं की त्या हसण्याचीच चीड येते.

याच म्हातारीवरून एकदा त्यांचा नियम मोडता मोडता राहिला. तिची नक्कल तयार होती. माझ्या ड्रॉवरमध्ये होती. साहेबही त्या दिवशी आतच होते, सही लगेच झाली असती. फक्त शिक्का मारणारा चहाला गेला होता आणि साडेचार वाजून गेले होते, म्हणून मी मान वर न करता म्हटलं, "उद्या या." ती म्हणाली, "उद्या नाय जमत गो, येष्टी नाय मिलत." मी म्हटलं, "मग सोमवारी." बाकडं करकरलं. भाऊसाहेब उभे राहिले होते. चेहरा लाल, तोंड उघडलेलं. क्षणभर वाटलं, आता हा माणूस ओरडणार. पण ते तसेच खाली बसले आणि पेपराची घडी घालायला लागले. घडी काही केल्या जमेना. सोमवारी म्हातारी आली, तोपर्यंत सही करणारे साहेब आठवडाभर ट्रेनिंगला गेले होते आणि नक्कल पुन्हा ढिगाच्या तळाशी गेली.

त्या गुरुवारच्या दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी सकाळी, भाऊसाहेबांनी मला टेबलाजवळ बोलावलं होतं. मला वाटलं, आता खरडपट्टी. ते म्हणाले, "काल मला फार राग आला, बाई. मग विचार केला, रागवायचं कोणावर? शिक्का वेगळा, खिडकी वेगळी ही पद्धत मीच घातलेली. 'उद्या या' हे तुम्ही माझ्याकडूनच शिकलात."

मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. ज्यांच्या हाताखाली ते नोकरीला लागले, ज्यांनी त्यांना पोच द्यायची शिस्त लावली, ते त्यांचे जुने साहेब निवृत्तीनंतर एकदा स्वतःच्या कामासाठी या कचेरीत आले होते. नव्या शिपायाने आत सांगितलं, एक म्हातारा आलाय. भाऊसाहेब कामात होते. ते म्हणाले, थांबायला सांग. अकरा वाजता आलेला माणूस चार वाजेपर्यंत बाकड्यावर थांबला, पिशवीतला डबा तिथेच खाल्ला आणि निघून गेला. चिठ्ठ्या आवरताना भाऊसाहेबांनी नाव वाचलं आणि स्टेशनपर्यंत धावत गेले. गाडी गेली होती. पुढे कागद न्यायला त्या जुन्या साहेबांचा जावई आला, ते स्वतः पुन्हा कधी आले नाहीत.

"पाच तास ते काय बघत बसले असतील, हे मला कळून घ्यायचं होतं," भाऊसाहेब म्हणाले. "शांतपणे बसायला शिकेन असं वाटलेलं. पण तिथे बसून राग येतो, बाई. खुर्चीत एवढी वर्षं बसलो, हा राग मला कधी आला नाही."

मी मान हलवली आणि जागेवर गेले. तेव्हा मला वाटलं, म्हातारपण आलं यांना.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या गुरुवारी ते बाकड्यावरून उठून थेट माझ्या खिडकीवर आले. हातात अर्ज. पेण तालुक्यातच जोहे गावाजवळ त्यांच्या आईकडून आलेलं दोन गुंठ्यांचं खाचर होतं, त्याची नक्कल हवी होती. तिथे ते भाताचं रोपही लावत नसत. मी हसत अर्ज घेतला.

"पोच?" ते म्हणाले.

"तुम्हाला कशाला पोच, भाऊसाहेब?"

जाताना ते फक्त एवढं म्हणाले, "खुर्ची नसताना ही कचेरी मला एक कागद देते का, एवढंच बघायचंय."

मला वाटलं, हाही त्यांच्या सरावातलाच प्रकार. रिटायरपणा लुटूपुटूचा, बाकडं लुटूपुटूचं, तसा अर्जही. मी तो आवकजावक रजिस्टरमध्ये चढवलाच नाही. ट्रेच्या तळाशी सरकवून दिला. नंबर नाही म्हणजे आमच्या लेखी तो अर्ज जन्मालाच आला नव्हता. दर पहिल्या गुरुवारी ते खिडकीवर यायचे, "माझ्या अर्जाचं काय झालं?" विचारायचे, मी "उद्या या, भाऊसाहेब" म्हणायचे आणि मागे सगळे खुसखुसायचे. दर महिन्याला पडून राहिलेल्या अर्जांची यादी मी करायचे आणि हेडक्लार्क म्हणून ते तिच्यावर सही करायचे. त्या यादीत त्यांचा अर्ज कधीच नसायचा. सही करण्याआधी ते यादी दोनदा वाचायचे, शेवटच्या ओळीवर थोडे थांबायचे आणि मग खाली नाव घालायचे. शुक्रवारचा माणूस गुरुवारच्या माणसाची शिफारस करणार नाही, हे त्यांनी पक्कं ठरवलेलं होतं. नुसतं एकदा रागावून "माझा अर्ज काढा" म्हणाले असते तर मी दहा मिनिटांत काढला असता. ते म्हणाले नाहीत, याचाही मला राग आहे.

निरोपाच्या दिवशी शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ. साहेबांनी भाषण केलं, आता नातवंडांत रमा, आराम करा, कधीतरी कचेरीत डोकावत जा, हे घर तुमचंच आहे. हे घर! ज्या घराच्या ओट्यावर तीन वर्षं हा माणूस ऊन खात बसला आणि एकानेही पाण्याचा पेला पुढे केला नाही! भाऊसाहेब उभे राहिले. त्यांचं भाषण एका वाक्याचं होतं. "माझा एक अर्ज प्रलंबित आहे."

सगळे खो खो हसले. मीही हसले.

ते डोकावले नाहीत. एक महिना, दोन महिने, सहा महिने. निवृत्त झालेली बाकीची माणसं महिन्यातून एकदा येऊन चहा पिऊन, आमच्या वेळी असं नव्हतं म्हणून जात. भाऊसाहेब नाहीत. त्यांच्या जागी आलेल्याला कुठल्या कपाटात काय आहे ते कळत नव्हतं आणि आम्ही सगळे चिडून म्हणायचो, एवढं काय तोडून टाकायचं!

मग माझ्या टेबलावर अर्ज यायला लागले. खाडीकडून, हमरापूरकडून, जोह्याकडून. अक्षर प्रत्येकाचं वेगळं, अंगठे वेगळे, पण कलमं सगळ्यांत सारखीच, ओळीने घातलेली, आधी कधी आलो, काय सांगितलं गेलं, कोणत्या तारखेला, कोणत्या नियमाने हे चुकीचं आहे. आणि शेवटी न चुकता दोन ओळी. 'पोच मिळावी. उत्तर येईपर्यंत अर्जदार बसून राहील.' साहेब दर आठवड्याला माझ्या नावाने ओरडायला लागले. मी संतापले. कोण हा गावोगाव लोकांना शिकवतोय? 'बसून राहील' ही ओळ चौथ्यांदा वाचली तेव्हा माझा हात आपोआप ट्रेच्या तळाशी गेला.

अर्ज तिथेच होता. कागद पिवळा पडलेला, कोपऱ्यात माझ्याच चहाच्या कपाचा गोल. नंबर नाही, तारखेचा शिक्का नाही. खाली त्यांची सही, हेडक्लार्क न लिहिता केलेली.

मी त्याच दिवशी तो रजिस्टरला चढवला. नकाशा स्वतः काढला, रेघा स्वतः उतरवल्या, शिक्क्यासाठी कोणाच्या चहाची वाट बघितली नाही. चार वाजता नक्कल तयार. अर्ध्या दिवसाचं काम.

दुसऱ्याच दिवशी अर्धी रजा टाकून मी रोह्याची गाडी पकडली. त्या दिवशी गुरुवार आहे हे माझ्या ध्यानातही नव्हतं. निडीला एक म्हातारे चढले, मांडीवर कागदांची पिशवी. बोलता बोलता विचारलं तर म्हणाले, "अष्टमीला चाललोय, भाऊसाहेबांकडं. रोह्याच्या कचेरीत दोन वरसं झाली, काय दाद नाय देत. हे लिवून देतात. गुरवारीच असतात पन."

आम्ही दोघं बरोबरच त्यांच्या घरी पोचलो. ओसरीवर टेबल, टेबलामागे भाऊसाहेब. पांढरा शर्ट, खिशाला निळं आणि लाल पेन. भिंतीवर आम्ही दिलेलं घड्याळ. आणि समोर सावलीत, चारही पायांवर नीट टेकलेलं एक लांब बाकडं, त्यावर पाच-सहा माणसं, बाजूला पाण्याचा माठ. पेणच्या कचेरीतलं काम व्हावं म्हणून लोक गाडीभाडं घालून रोह्याला येत होते! मी पुढे झाले, तर ते मान वर न करता म्हणाले, "चिठ्ठी लिहा."

मी लिहिली. नाव, आणि कामाच्या रकान्यात, नक्कल देणे. बाकड्यावर मिठागरातली म्हातारी होती. तिने मला ओळखलं आणि सरकून जागा दिली.

"तू ती खिडकीवाली ना? बस गो बाय, बस. नंबर येल."

माझ्यासमोर तिचा अर्ज लिहिला गेला. भाऊसाहेब एकेक वाक्य मोठ्याने म्हणत लिहीत होते. "अर्जदार नऊ वेळा आली. नऊ वेळा तिला उद्या या असे सांगण्यात आले. कोणी सांगितलं? नाव माहीत आहे?"

"नाव कशाला लिवता?" म्हातारी म्हणाली. "बसलीय ना ती हितं."

कोणी हसलं नाही. भाऊसाहेबांचं पेन क्षणभर थांबलं आणि पुढे चाललं. उठून जावंसं वाटलं, पण पिशवीत ती नक्कल होती आणि माझा नंबर निडीच्या म्हाताऱ्यांच्या नंतर होता. त्यांचं प्रकरण लांबलं. माझी पाळी आली आणि घड्याळात साडेपाच झाले. भाऊसाहेबांनी दोन्ही पेनांना टोपणं लावली.

"वेळ संपली," ते म्हणाले.

माझा ताबा सुटला. "भाऊसाहेब, ही तुमचीच नक्कल आहे! तुमच्या खाचराची! मी पेणहून आलेय, अर्धी रजा टाकून, तीन तास बसलेय! नुसती हातात घ्यायचीय, एक सही करायचीय!"

"दिसतंय," ते म्हणाले. आवाज चढवला नव्हता, पण चेहरा तसाच लाल झाला होता, त्या दिवशी बाकड्यावरून उठले होते तसा. "पुढच्या गुरुवारी या. चहा मात्र घेऊन जा. चहाला चिठ्ठी लागत नाही."

मी चहा घेतला नाही. परतीच्या गाडीत मी रागाने नुसती धुमसत होते. मनातल्या मनात त्यांना काय काय ऐकवलं. नागोठणं गेल्यावर लक्षात आलं, की हे सगळं म्हातारी मला ऐकवू शकली असती. नऊ वेळा.

दुसऱ्या दिवशी मी तिची नक्कल काढली, सहीसाठी साहेबांसमोर उभी राहिले आणि सही होईपर्यंत हलले नाही. पुढच्या बुधवारी अर्ध्या रजेचा अर्ज लिहून नव्या हेडक्लार्ककडे दिला. त्यांनी तो परत केला, कारणाची जागा रिकामी होती. मी त्यांच्याच टेबलावरचं पेन उचललं आणि लिहिलं, 'बसायचं आहे'.